पाहुण्यांची दादर आणि घरचा कळणा

माझ्या बोलण्यातलं निम्मं टाकून द्यावं आणि उरलेलं दोनदा चाळून घ्यावं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. लग्नानंतर आठव्या दिवशीच त्यांनी ते माझ्या वडिलांना, माझ्यासमोर, चहा पिता पिता ऐकवलं होतं. वडील म्हणाले, "जावईबापू, तुम्ही निम्म्यावर विश्वास ठेवता? आम्ही अजून पाव हिश्श्यावर आहोत." तेव्हा पुढचं वाचताना तुमची चाळण जवळ असू द्या, माझी हरकत नाही. फक्त पोरीच्या वाटीचं जे सांगेन ते चाळू नका.

तीस वर्षं मी शहाद्याजवळच्या एका अंगणवाडीत पोरं तोलली. इतकी तोलली की आजही शहाद्याच्या स्टँडवर उभी राहिले तर बसमधून उतरणाऱ्या माणसाचं वजन पाव किलोच्या फरकाने सांगते, आणि पिशवीत काय आहे तेही. रिटायर झाल्यावर घरात बसवेना. नवऱ्याने विचारलं, "आता काय करणार?" म्हटलं, झोपणार. चौथ्या दिवशी मी आमच्या मांजरीचं वजन केलं, आणि त्यांनीच कुठूनतरी खबर आणली की बाहेरगावच्या प्रयोगशाळेच्या एक मॅडम आल्यात, गावोगाव धान्याचे नमुने गोळा करायचेत, आणि त्यांना वजनकाटा धरता येणारी आणि परक्याच्या चुलीपर्यंत जाता येणारी बाई पाहिजे. माझ्याएवढी चुलीपर्यंत जाणारी बाई नंदुरबार जिल्ह्यात दुसरी नाही. काही घरांत तर मी चुलीच्याही पलीकडे गेलेली आहे.

मॅडम वयाने माझ्या लेकीएवढ्या. चष्मा, पाठीवर सॅक, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द आधी धुऊन, वाळवून मगच तोंडाबाहेर काढायचा. नंदुरबारला एका भाड्याच्या खोलीत त्यांनी पिशव्या, चिठ्ठ्या आणि एक फ्रीज मांडला होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

"धान्यावर बुरशी येते, ती दिसते. झटकली, धुतली, उन्हात टाकली की जाते. पण जाताना ती मागे काहीतरी ठेवून जाते. त्याला वास नाही, चव नाही."

"पण भाकरी भाजली की मरत असेल ना?"

"ते जिवंतच नसतं, मावशी. मरणार कसं?"

तीस वर्षं मी बायांना सांगत आले होते, शिजवून द्या, गरम द्या, काही होत नाही.

मॅडम पुढे म्हणाल्या की यातली काही विषं जुनी आणि ओळखीची आहेत. शेंगदाण्यातलं, मक्यातलं. त्यांची मर्यादा सरकारने आखून दिली आहे, इतक्यापर्यंत चालेल, त्याच्या वर चालणार नाही. पण काही नवी आहेत. म्हणजे असतील पूर्वीपासूनच, आपल्या मशीनला आत्ता दिसायला लागली. त्यांची नावं एवढी लांब की उच्चारता उच्चारता चहा निवावा. मॅडम त्यांना एकत्र 'उदयोन्मुख' म्हणायच्या. मला हसू आवरेना. आमच्याकडे उदयोन्मुख म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून हात जोडून उभा असलेला कोणीतरी, खाली चाळीस मित्रांचे फोटो. मी तसं म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच समजा. आलेत, सगळीकडे दिसायला लागलेत, आणि पुढे काय करतील ते अजून कोणालाच माहीत नाही."

काम दोन प्रकारचं. घरातून ज्वारीचा किंवा मक्याचा नमुना घ्यायचा, आणि कोण किती खातं ते लिहून आणायचं. भाकरी तोलायची आणि भाकरी खाणाराही तोलायचा. कारण धोका नुसत्या विषात नसतो. धान्यात किती आहे, पोटात किती गेलं आणि ते पोट केवढं आहे, या तिन्हीचा हिशेब. तेवढीच भाकरी मी खाल्ली तर एक गोष्ट आणि माझ्या मांडीएवढ्या पोराने खाल्ली तर वेगळी. हे मला एका मिनिटात पटलं. आयुष्यभर मांडीएवढीच पोरं पाहिली होती.

पोरं तोलणं सोपं असतं हो, ती फक्त रडतात. मोठ्यांना तोलणं म्हणजे पंचायत. एका गावात एक आजोबा काट्याकडे बघून ओट्यावरून उठेचनात. "मले कसाले तोली ऱ्हायनी? इकाले काढं का मले?" म्हटलं, बाबा, तुम्हाला विकायला काढलं तर वाहतूक खर्चसुद्धा निघणार नाही. मग हसत हसत चढले. दुसऱ्या एका घरी वहिनी अंगावरचे दागिने काढून मग चढल्या, आणि आकडा बघून म्हणाल्या, काटा खोटा आहे.

आता माझी चूक सांगते.

तापीकाठच्या गावांपैकी एक आमचं, सासरचं. माझी थोरली जाऊ तिथे असते, तिला मी जिजी म्हणते. तिच्या घरात ती, मुलगा, सून आणि दहा महिन्यांची नात. जिजीच्या हातची भाकरी म्हणजे काय सांगू. मी ती काट्यावर ठेवली तेव्हा काट्याला वाटलं दोघं जण एकदम चढले. चुलीवर ती टाकली की शेजारच्या तीन घरांत सावली पडते. असो. जिजी मनाने मोठी आणि इज्जतीला जपणारी. मॅडम पहिल्यांदा आमच्या गावी येणार होत्या, तर मी आदल्या दिवशी जिजीला फोन केला. "जिजी, उद्या साहेब लोक येतीन. ज्वारी चांगली काढी ठेव. आपल्या घरनी इज्जतना सवाल शे."

"मन्ही ज्वारी कधी वाईट व्हती?" जिजी म्हणाली. आणि तिने गल्लीभर सांगितलं.

आमच्याकडे घरात ज्वारी दोन जातीची असते. एक दादर. हिवाळ्यातली, काळ्या जमिनीतली, मोत्यासारखी. ती झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. पाहुणा आला, सणवार आला, जावई आला की त्या कोठीचं झाकण उघडतं. दुसरी पावसाळी, संकरित. ती घरच्यांची. ती कापायला आली की नेमका परतीचा पाऊस येतो, कणसं भिजतात, दाण्याची टोकं काळी पडतात, काही दाणे तर राखेत लोळल्यासारखे होतात. ती कोणी टाकत नाही. टाकायला जीव होतो का? ती धुवायची, वाळवायची आणि कळण्यात घालायची.

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. उडदाच्या सालीमुळे भाकरी मुळातच काळपट होते. त्यात दहा काळे दाणे गेले काय आणि शंभर गेले काय, दिसतंय कोणाला? आमच्या सासूबाईंनी तसं केलं, त्यांच्या सासूने तसं केलं. वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. मी त्या भाकरीवर वाढलेय. तुम्हीही खाल्ली असेल तर गोष्ट तिथेच थांबवून तुम्हाला खावीशी वाटेल.

तर मॅडम आल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरी पाटावर दादर तयार. चाळलेली, निवडलेली, एका घरी तर तांब्याच्या ताटात, वर हळदीकुंकू. मी पुढे होऊन पिशवीत भरत होते, चिठ्ठी चिकटवत होते आणि मनातून फुगत होते. मॅडमना जेवायलाही सगळीकडे दादरचीच भाकरी. फॉर्मवर छापलेलं होतं, 'घरातील ज्वारीचा नमुना'. घरातलीच होती. खोटं काहीच नव्हतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. आमचं गाव लख्ख. ओळखीचं विष नाही, उदयोन्मुख नाही, कोणीच नाही. मॅडम म्हणाल्या, "शहाद्याकडची गावं फारच चांगली साठवण करतात हो." मी म्हटलं, "आमच्याकडे बुरशीसुद्धा दारात चप्पल काढून, विचारून आत येते." आणि घरी येऊन नवऱ्याला तेच चौपट करून सांगितलं.

पण त्या दिवसापासून मला कुठेतरी खुपायला लागलं होतं. काय, ते कळत नव्हतं. चप्पलमध्ये खडा असावा आणि चप्पल काढल्यावर सापडू नये तसं.

ते धडगावला कळलं.

धडगावच्या वरच्या एका पाड्यावर मक्याचे नमुने घ्यायचे होते. घाटात जीपमध्ये आम्ही चौदा माणसं, एक बोकड आणि एक नवी कोरी कपाटाची काच होतो. टपावरची मोजली नाहीत. वळणावर बोकड माझ्या मांडीवर आला आणि पुढच्या वळणापर्यंत आमचं नातं जमलं. पाड्यावरची आशाताई सोबत होती, कारण तिथे घरात पावरी बोलतात आणि मला त्यातला एक शब्द येत नाही. एका घरी कुडाला लावून मक्याची कणसं टांगलेली, आत बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी. घरची बाई माझ्याच वयाची, कोरडीठाक. मी आशाताईला सांगितलं, म्हणा, मका पाहिजे, चांगला बघून द्या.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी बोलली. आशाताई हसायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, खायला पाहिजे की तपासायला?"

मी म्हटलं, तपासायला. बाई आत गेली, कणगीच्या तळाशी हात घालून ओंजळभर मका काढला आणि माझ्यासमोर धरला. दाण्यांवर बुरशीचं गुलाबी पांढरं सूत. पुन्हा बोलली. आशाताईने सांगितलं, "म्हणते, चांगला वर टांगलाय, तो पेरायला ठेवायचा. आम्ही हा खातो. तपासायचं तर हा तपास. चांगला तपासून तुला काय कळणार?"

मी पिशवी धरून उभी राहिले. चांगला तपासून तुला काय कळणार! तीस वर्षांची नोकरी, फॉर्म, काटा, प्रयोगशाळा, आणि या बाईने एका ओंजळीत सगळं मोकळं केलं. माझ्या गावात, माझ्याच हाताने, मी पाहुण्यांची कोठी तपासून आणली होती. ज्या पिठाची भाकरी रोज चुलीवर पडत होती त्याचा एक कणही त्या पिशव्यांत नव्हता.

उतरताना जीपमध्ये मला जागा मिळाली होती तरी बसवेना. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उभ्याने घाट लवकर संपत नाही." रेंज आल्यावर जिजीला फोन लावला, नात काय खाते ते विचारायला.

"जिजी, नात काय खास आजकाल?"

"खास ना व माय. कळनानी भाकर दूधमा कुस्करीसन देस. वाटीभर खास. उडीद शे, ताकद येस."

"रोज?"

"दोनदा. कसाले?"

"काही नही," म्हटलं. पोरीचं वजन मीच केलं होतं, सव्वासात किलो.

दुसऱ्या दिवशी मी गावी. जिजी भांडी घासत होती. सरळ म्हणायला हवं होतं, मला कळण्याचं पीठ तपासायला दे. म्हटलंही. जिजीने कढई आपटली.

"मन्हा घरनं पीठ? एकडाव तपासं ना? चांगलं निंघनं ना? आते काय, मी पोरले जहर चारस, असं सांगी ऱ्हायनी का तू गावमा?"

"नही जिजी, ते चुकीचं..."

"तू चुकनी, मन्हा पीठले कसाले शिक्षा?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा मला बघवला नाही. पोर तिच्या कडेवर, तोंडाभोवती दुधाची पांढरी मिशी, मजेत माझ्याकडे हात पसरून.

मग मी जे मला उत्तम जमतं ते केलं. म्हटलं, जाऊ दे जिजी, तुन्हा देरना तोंडले चव नही, तुन्हा हातनं कळनानं पीठ मांगी ऱ्हायनात. नवऱ्याचं नाव निघताच जिजी विरघळली. धाकट्या दिरासाठी तिने पत्र्याच्या डब्यातून दोन पेले पीठ भरून दिलं, वर म्हणाली, "त्याले सांग, भाभीनी दिधं." नवऱ्याला बिचाऱ्याला अजून माहीत नाही की त्यांच्या तोंडाची चव गेली होती.

ते पीठ घेऊन नंदुरबारची बस धरली. शहराच्या अलीकडे मिरच्यांच्या पथाऱ्या लागतात, मैलभर लाल अंथरूण. वारा फिरला आणि आख्खी बस एकदम शिंकली, इतक्या जोरात की ड्रायव्हरने गिअर न बदलता बस पुढे गेली. एरवी मी यावर अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी मला फक्त दिसत होतं की मिरच्या जमिनीवर पडल्यात, पहाटे दव पडत असणार. स्टँडवर शेंगदाणे घेतले ते हातात धरून बसले. एक सोलला, पाहिला, ठेवला. दुसरा सोलला. शेजारचा माणूस म्हणाला, "खात नसाल तर इकडे द्या." मी दिले नाहीत. त्याला कारण काय सांगणार?

मॅडमसमोर सगळं ओकले. फोन मी केला, दादर काढायला मी सांगितलं, आख्ख्या गल्लीचे नमुने खोटे. खोटे नाहीत, खरे आहेत, पण पाहुण्यांचे आहेत. मला वाटलं, आता लेकीच्या वयाच्या बाईच्या शिव्या खाव्या लागणार. मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. मग पेनाने 'घरातील ज्वारीचा नमुना' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आज सकाळी ज्या पिठाची भाकरी झाली ते पीठ'. म्हणाल्या, "हे मला आधी सुचायला हवं होतं. सगळी गावं पुन्हा करू. आधी हे पाठवते."

त्यानंतरचे दिवस मी घरात कशी वागले ते नवऱ्याला विचारा, आणि त्यांचं निम्मं टाकू नका. पोळपाट तीनदा धुवायचा, डबे उन्हात, डाळ उन्हात, शेवटी नवराही उन्हात. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. रोज जिजीला फोन, नात कशी आहे? जिजी म्हणायची, कालच्यासारखीच, आज एक दिवसाने मोठी. पोर ठणठणीत होती, तेच तर! ताप असता, पोट बिघडलं असतं तर मला कळलं असतं काय करायचं. जे होत नाही, दिसत नाही, आणि कदाचित वीस वर्षांनी कुठेतरी आत होईल, किंवा होणारही नाही, त्याचं वजन कोणत्या काट्यावर करायचं?

निकाल आला. मॅडमनी समोर कागद ठेवला.

"ओळखीचं विष मर्यादेच्या खाली आहे."

मी श्वास सोडला.

"पण उदयोन्मुख दोन सापडलेत."

"म्हणजे वाईट?"

"त्यांची मर्यादाच अजून ठरलेली नाही."

"म्हणजे चालतं?"

"मर्यादा नाही म्हणजे चालतं असं नाही. चालत नाही असंही नाही."

"मग तुम्ही कागदावर काय लिहिणार?"

"पुरेशी माहिती नाही."

मला त्या कागदाचा असा संताप आला की तो चावून खावासा वाटला. "मॅडम, तुम्हाला मूल आहे?"

"दोन वर्षांचा मुलगा."

"त्याला दिली असती?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही. पण ते मी कागदावर लिहू शकत नाही." मग हळू आवाजात, "काळे दाणे हाताने निवडून काढले तर खूप फरक पडतो. आणि ते जनावराला घालू नका. ओळखीचं विष दुधात उतरतं. नव्यांचं अजून..."

"माहीत नाही," मी म्हटलं.

गावाकडच्या बसमध्ये मी गोष्ट रचायला बसले. जिजीला 'पुरेशी माहिती नाही' असं सांगितलं तर ती मला पाणीसुद्धा विचारणार नाही. म्हणून नवापूरकडचं एक पोर तयार केलं, त्याला कळणा खाऊ घातला, त्याचे केस पांढरे केले, नखं निळी केली. केळीच्या बागा मागे जात होत्या आणि माझं पोर आजारी पडत चाललं होतं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. गाव येईपर्यंत त्याला बरंही करून ठेवलं, कारण मारायला माझं मन होईना.

घरी जिजी ओसरीत, मांडीवर नात, हातात वाटी. वाटीत दूध आणि काळपट भाकरीचा काला. मी सुरू केलं, "जिजी, नवापूरकडे एक पोर व्हतं..."

पांढऱ्या केसांपर्यंत पोचले तेवढ्यात जिजी हसायला लागली. "निम्मं टाकी दिधं मी. आते उरेल चाळू का तूच चाळशी?" आणि पोरीच्या तोंडात घास.

मी तिथेच खाली बसले. गोष्ट संपली होती, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"जिजी, तुन्हं पीठ मी तपासाले दिधं. देरले नही लागे ते, मी खोटं सांगं. त्यामा दोन नवा जहर निंघनात. ते पोरले काय करतीन, मले माहीत नही. मॅडमले बी माहीत नही. कोनलेच माहीत नही."

जिजीचा हात वाटीवर थांबला. "तुले माहीत नही?"

"नही."

"मॅडमले बी?"

"नही."

पीठ चोरलं म्हणून आता कढई येणार असं वाटलं. पण तिने वाटी बाजूला ठेवली. "जे कोनले माहीत नही ते मंग पोरले कसाले चारानं?"

इतकं सोपं ते मला का सुचलं नाही, कोण जाणे. पोरीने मात्र घर डोक्यावर घेतलं. तिला तोच काला पाहिजे होता, त्याच वाटीतला. सुनेने वाटी उचलली आणि पोर तिच्या मागे रांगत चुलीपर्यंत गेली. त्या दिवशी जावई नाही, सण नाही, पाहुणा नाही, आणि जिजीने दादरच्या कोठीचं झाकण उघडलं. "व्हयी आजपासून हाईच मोठी पाहुनी," म्हणाली.

मग दोघी सूप घेऊन कळण्याची ज्वारी निवडायला बसलो. बसलो म्हणजे जिजी बसली, मी चार दाणे निवडायची आणि उठायची. काळे एकीकडे, पांढरे दुसरीकडे. जिजी म्हणाली काळे म्हशीला घालू. मी दुधाचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "आते म्हसले बी माहीत नही?" शेवटी उकिरड्यात खड्डा करून पुरायचं ठरलं. अन्न पुरायचं म्हणून जिजीने आधी हात जोडले, मग मला जोडायला लावले.

पण खरी अडचण मध्येच होती. टोकाला जरासा करडा, एका बाजूने राखी, नुसता डाग पडलेला, असे दाणे. "हाई?" जिजी विचारायची. मी डोळ्याजवळ धरायची, उन्हात धरायची. "माहीत नही." तेही बाजूला. दुपार कलेपर्यंत पांढरा ढीग लहान, काळा त्याहून लहान आणि माहीत नाहीचा ढीग दोघींच्या गुडघ्याएवढा. हे मात्र खरं, गुडघ्याएवढा, मी मांडी घालून बसले होते.

सून येऊन म्हणाली, "हाई बी पुरानं का?"

जिजी म्हणाली, "इतलं पुरी टाकं तं खासुत काय? हाई मोठा मानसंनी खावानं. मी खासू. हाई बी खाई," आणि माझ्याकडे बोट. मी हो म्हटलं. खाल्लंही पुढे, अजून खाते, आणि प्रत्येक घासाला एकदा चावणं चुकतं.

दळायला मीच गेले. दोन गाठोडी, एकात पोरीची दादर, एकात आमची करडी ज्वारी. गिरणीवाला हात पुढे करून म्हणाला, "टाका मावशी, एकत्र टाकू का?" मी त्याच्यावर अशी ओरडले की पट्टा निसटायला आला. आधी पोरीचं, म्हटलं, मग आमचं. तो दादर ओतायला गेला आणि माझं लक्ष गिरणीच्या तोंडाकडे गेलं. तिथे आधीच्या पिठाची काळपट कड साचली होती.

"आमच्या आधी कोणाचं दळलं?"

"आधी? सकाळपासून सगळा गावनं दळी ऱ्हायनू."

"कळणा?"

"कळना, मका, जे येस ते."

मी दादरमधून एक ओंजळ काढली. "ही आधी घाल, दगड पुसून निघू दे. ते पीठ वेगळं दे." तो म्हणाला, एका ओंजळीने काय व्हई? मी दुसरी ओंजळ काढली. मग तिसरी. मागे बाया रांगेत डबे घेऊन उभ्या, एक म्हणाली, "अंगणवाडीवाली बाई, घरनं जातं आन ना!" मी वळून पाहिलं नाही. पत्र्याच्या नळकांड्यातून पीठ पडत होतं आणि ते पांढरं कधी होतं ते मी बघत होते.